"आजी, ही माझ्यापेक्षा काळी का गं?"

प्रश्न : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत असतात. नात सहा वर्षांची, पहिलीत आहे. उन्हाळ्यात मी तिकडे होते तेव्हा रात्री तिला गोष्टी वाचून दाखवायचे काम माझ्याकडे होते. वाचनालयातून पिशवीभर चित्रांची पुस्तके यायची. त्यातल्या एका मुलीवर बोट ठेवून तिने विचारले, "आजी, ही माझ्यापेक्षा काळी का गं?" मी म्हटले, "असं बोलू नये," आणि पान उलटले. सून नंतर म्हणाली, "आई, तिला गप्प नको करायला. त्यासाठीच तर ही पुस्तकं आणतो." मला हे पटलेले नाही. एवढ्याशा पोरांच्या डोक्यात काळे-गोरे आपणच कशाला भरवायचे? मुलांना कुठे भेद कळतो?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, तुमचे म्हणणे असे दिसते की मुलांना भेद कळत नाही, तेव्हा त्यावर बोलणे म्हणजे नसलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात घालणे. पण कळत असेल तर? या शक्यतेकडे तुम्ही पत्रात वळलाच नाहीत, आणि नातीने मात्र तुम्हाला थेट तिथेच नेऊन उभे केले आहे. "माझ्यापेक्षा काळी" असे ती म्हणाली. म्हणजे तिने चित्रातली मुलगी पाहिली, स्वतःचा हात पाहिला आणि दोन्हींची तुलना केली. तुम्ही भरवावे असे तिथे काही उरलेच नव्हते.

रंग दिसणे आणि रंगावरून माणसाची किंमत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला निम्मा गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. दिसायला सुरुवात फार लवकर होते. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन महिन्यांच्या बाळांना गोऱ्या आणि आफ्रिकी माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी दाखवली होती. गोऱ्या घरातली बाळे गोऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिली, इथिओपियात वाढणारी बाळे आफ्रिकी चेहऱ्याकडे. इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतली बाळे रोज दोन्ही प्रकारची माणसे पाहत होती. त्यांनी दोन्हींकडे सारखेच पाहिले. इतक्या लहान बाळाला द्वेष ठाऊक नसतो, सवयीचा चेहरा तेवढा ठाऊक असतो. जे चेहरे अवतीभवती असतात ते ओळखीचे होतात.

किंमत करणे मात्र शिकावे लागते, आणि मुले ते आपल्या अंदाजापेक्षा लवकर शिकतात. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर चारही सारख्या. खेळायला कोणती हवी, छान कोणती, वाईट दिसते ती कोणती, असे साधे प्रश्न होते. सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली आणि निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. शेवटचा प्रश्न होता, तुझ्यासारखी यातली कोणती? त्यावर काही मुलांना रडू कोसळले. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला दिला, तो यामुळेच.

या मुलांच्या आयांनी त्यांना मांडीवर घेऊन "काळे ते वाईट" असे खचितच शिकवले नसणार. दुकानात कोणत्या बाहुल्या असतात, जाहिरातीत कोण हसते, चांगल्या शाळेत कोण जाते, हे पाहून मुलांनी आपापला हिशेब मांडला. घरात कोणीच काही बोलत नसेल तर हा हिशेब तपासायला कोणी उरत नाही.

आता तुमच्या "असं बोलू नये"कडे येऊ. त्यामागे भलेपणा आहे यात शंका नाही. पण नातीच्या बाजूने पाहा. तिने रंगाबद्दल विचारले. आजीचा चेहरा बदलला, आवाज बदलला, पान उलटले. काळे असणे ही काहीतरी लाजिरवाणी गोष्ट आहे, एवढेच त्यातून तिला समजले असणार. नाक चपटे का किंवा केस लाल का, असे तिने विचारले असते तर तुम्ही पान उलटले नसते.

"रंगाकडे लक्षच देऊ नका, आपण सगळे सारखे" ही शिकवण तरी निरुपद्रवी असेल ना, असे वाटते. हे २०१० साली अमेरिकेत तपासून पाहिले गेले, आणि तेही चित्रांच्या गोष्टीनेच. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना एका शिक्षिकेची गोष्ट दोन प्रकारे ऐकवली. एका प्रकारात ती रंगाकडे दुर्लक्ष करायला सांगते. दुसऱ्यात, आपण वेगवेगळे आहोत आणि त्यात चांगलेच आहे, असे सांगते. मग मुलांना शाळेतले काही प्रसंग सांगितले. त्यातल्या एकात एका कृष्णवर्णीय मुलाला उघडउघड रंगावरून त्रास दिला जातो. पहिली गोष्ट ऐकलेल्या मुलांपैकी कमी जणांना त्यात भेदभाव दिसला. शिवाय त्यांनी तो प्रसंग ज्या तऱ्हेने सांगितला, ते ऐकून मध्ये पडावे असे शिक्षकांनाही कमीच वाटले. रंगाकडे पाहायचे नाही असे शिकलेल्या मुलाला रंगावरून होणारा अन्यायही दिसेनासा होतो.

बोलायचे ठरले, तर त्यासाठी पुस्तकच का? साधे कारण आहे. दुकानाच्या रांगेत नातीने हाच प्रश्न मोठ्याने विचारला असता तर ज्या बाईबद्दल विचारले ती समोर उभी असती आणि तुम्हाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले असते. पुस्तकातली मुलगी रागावत नाही, निघून जात नाही, उद्या रात्री पुन्हा त्याच पानावर भेटते. दुसरे असे की, ज्याला अक्षरे येत नाहीत ते मूल चित्र वाचते. आपण ओळीमागून ओळ पुढे जातो. मूल कोपऱ्यातली आई, तिचे कपडे, कोण उभे आहे आणि कोण वाकले आहे, हे सगळे टिपते. म्हणून चित्रपुस्तकात रंगाबद्दल एक शब्द नसला तरी पुस्तक बोलतेच.

आणि अमेरिकेतली पुस्तके बराच काळ काय बोलत होती? न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने चित्रांचे पुस्तक चाळताना विचारले की, यात नेहमी गोरीच मुले का असतात? नॅन्सी लॅरिक या बालसाहित्याच्या अभ्यासक. त्यांनी १९६५ साली या प्रश्नापासून सुरुवात करून एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी प्रकाशकांकडून मोजवून घेतली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरातल्या सातांतही नाही, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. वीस वर्षांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने मोजणी केली तेव्हा, १९८५ साली निघालेल्या सुमारे अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके निघाली १८.

या रिकाम्या जागेत एक पुस्तक १९६२ साली आले, 'द स्नोई डे'. लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स हे ब्रुकलिनमध्ये वाढलेले, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू आईबापांचे पोर. मूळचे आडनाव कॅट्झ. ज्यूंविषयीचा आकस ओळखून त्यांनी ते बदलले होते. त्यांनी इतरांच्या पुस्तकांसाठी वर्षानुवर्षे चित्रे काढली, पण नायक कृष्णवर्णीय आहे अशी एकही गोष्ट त्यांच्या टेबलावर आली नाही. शेवटी स्वतःच लिहिली. पीटर नावाचा छोटा मुलगा लाल डगला घालून बर्फात खेळतो, पावलांचे ठसे उमटवतो, बर्फाचा एक गोळा खिशात घालून घरी आणतो. बस्स. पीटर कृष्णवर्णीय आहे हे चित्रात दिसते, मजकुरात कुठेही लिहिलेले नाही. पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठीचे १९६३ सालचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयाने २०२० साली, म्हणजे स्थापनेला १२५ वर्षे झाली तेव्हा, सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी केली. तिच्यात हे पहिले होते, ४,८५,५८३ वेळा.

लॅरिकबाईंना मात्र तेही पुरते आवडले नव्हते. पीटरचा रंग शब्दांत का नाही, आणि त्याची आई भडक पिवळ्या चौकड्यांच्या झग्यातली लठ्ठ बाई का, असा त्यांचा आक्षेप होता. मला यातला पहिला आक्षेप पटत नाही. रोज रात्री ज्या मुलाच्या रंगाचा उल्लेखच करावा लागत नाही, ज्याचा बर्फ खिशात वितळला म्हणून आपल्यालाही वाईट वाटते, असा मुलगा ओळखीचा होणे हेच मोठे काम आहे. रोज दोन्ही प्रकारचे चेहरे पाहणाऱ्या त्या तीन महिन्यांच्या बाळांना जे जमले, ते पीटर सहा वर्षांच्या मुलीला देतो. दुसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण मुलांचे लक्ष जाते ते नेमके अशा झग्यांकडे.

चित्राची ही ताकद पाहायची तर आपल्याच मुलखात लिहिल्या गेलेल्या एका पुस्तकाकडे वळावे लागेल. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई, हिंदुस्थानातल्या सरकारी वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टरची पत्नी. तिने आपल्या मुलींसाठी लिहिलेली 'लिटल ब्लॅक सॅम्बो' ही गोष्ट १८९९ साली लंडनमध्ये छापली गेली. जंगलात वाघ एका मुलाचे नवे कपडे, जोडे, छत्री हिसकावतात, मग कोण भारी यावरून भांडत एका झाडाभोवती इतक्या वेगाने धावतात की वितळून त्यांचे तूप होते. आई त्या तुपात धिरडी करते आणि पोरगा एकटा १६९ खातो. वाघ आणि तूप म्हणजे देश कोणता ते सांगायला नको. पण पात्रांची नावे थट्टेची आणि चित्रे आफ्रिकी माणसांची विडंबने. बाईंनी हक्क पाच पौंडांना विकलेले, त्यामुळे अमेरिकेत ज्याला हवे त्याने हवी तशी चित्रे काढून पुस्तक छापले, आणि ती उत्तरोत्तर ओंगळ होत गेली. पुढे वर्गात कृष्णवर्णीय मुलांना 'सॅम्बो' म्हणून चिडवले जाऊ लागले.

गंमत पुढे आहे. १९९६ साली फ्रेड मार्सेलिनो या चित्रकाराने हीच गोष्ट घेतली, मजकूर जवळपास तसाच ठेवला, पात्रांना हिंदुस्थानी नावे दिली, चित्रे नव्याने काढली आणि 'द स्टोरी ऑफ लिटल बाबाजी' म्हणून छापली. लहान मुलाला हसत हसत वाचून दाखवावी अशी ती आहे. गोष्ट तीच, वाघ तेच, तूप तेच. विष नावांत आणि चित्रांत होते.

म्हणून पुस्तकात कृष्णवर्णीय माणसे आहेत एवढ्यावर ते चांगले ठरत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाच्या केकची गोष्ट सांगणारे एक देखणे चित्रपुस्तक २०१६ च्या जानेवारीत निघाले. त्यात वॉशिंग्टन यांचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी आनंदाने, हसतमुखाने केक भाजताना दाखवली होती. टीकेचा इतका भडिमार झाला की प्रकाशकाने महिना संपायच्या आत पुस्तक मागे घेतले. खरा हर्क्युलिस १७९७ साली पळून गेला, आणि पळाला तो दिवस वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाचाच होता.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर. ते अवघड नाही. तिला सांगा की आपल्या सगळ्यांच्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो. तो तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांकडे जवळपास सारख्याच असतात, पण कोणाच्या पेशी जास्त रंग करतात, कोणाच्या कमी. ज्यांचे पूर्वज फार कडक उन्हाच्या देशांत राहिले त्यांच्या कातडीत तो जास्त, कारण तो उन्हापासून वाचवतो. थंड, कमी उन्हाच्या देशांतल्यांच्या कातडीत कमी. आईबाबांकडून तो आपल्याकडे येतो. एवढे तिला पुरते. शाळेत तिने कॅरेन कॅट्झ यांचे 'द कलर्स ऑफ अस' पाहिले असेल. त्यात सात वर्षांच्या लीनाला स्वतःचे चित्र रंगवायचे असते आणि आई तिला गल्लीतून फिरवून तपकिरी रंगाच्या किती छटा असतात ते दाखवते. नसेल पाहिले तर आणवून घ्या. त्यानंतर तुमचा, नातीचा आणि सुनेचा हात शेजारी ठेवून रंगपेटीतला रंग शोधायला बसलात तर एक दुपार छान जाईल.

इथे सून सांगत नसेल अशी एक गोष्ट मी सांगतो. तिकडे नातीचा प्रश्न लवकरच उलटा फिरणार आहे : मग मी कोण, गोरी की काळी? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही पडला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व हवे होते, आणि तेव्हाच्या कायद्यानुसार त्यासाठी 'गोरा' असणे हा मार्ग होता. १९२३ साली न्यायालयाने निकाल दिला की, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तसे हिंदुस्थानी नाहीत. हिंदी लोकांना नागरिकत्व मिळू लागले ते १९४६ च्या कायद्याने. हे सहा वर्षांच्या मुलीला सांगायचे नाही. तुम्हाला ठाऊक असावे म्हणून सांगितले. तिच्यासाठी शेली आनंद यांचे 'लक्ष्मीज् मूच' (२०२१) आहे. वर्गातली मुले लक्ष्मीच्या ओठांवरची लव पाहून तिला मांजर हो म्हणतात, आणि मग तिला आपल्या हातापायांवरचे सगळे केस दिसू लागतात. त्यावर तिचे आईबाबा काय सांगतात ते वाचताना सून कदाचित तुमच्यापेक्षा जास्त हसेल.

आपल्या घरांतलेही थोडे बोलायला हवे. "उन्हात नको खेळू, काळी होशील," "मुलगी नाकीडोळी नीटस, पण रंग सावळा," हे आपण मुलांच्या देखत सहज बोलतो. सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून घरी येतो आणि वधूवरांच्या जाहिरातीत 'गोरी' असे लिहितो. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आले. त्याच्या नावातला 'फेअर' गेला २०२० साली. नात तुमच्याशी मराठीत बोलत असेल तर ही वाक्येही तिच्या कानांवर पडणार, आणि ती चित्रपुस्तकांपेक्षा जास्त लक्षात राहणार. लुपिटा न्योंगो या अभिनेत्रीचे 'सुल्वे' (२०१९) या दुखण्यावरच आहे. घरात सगळ्यांत काळी असलेली मुलगी खोडरबराने आपला रंग खोडून पाहते. अशी मुलगी आपल्याकडेही कुठल्याही वाड्यात सापडेल.

एक गैरसमज मात्र काढून टाका : अमेरिकेतला काळा-गोरा भेद म्हणजे आपलीच जात, असे काही जण म्हणतात. तसे नाही. एकाच रंगाच्या दोन माणसांतही जात असते, आणि जात हा वंशाचा भेद नाही असे डॉ. आंबेडकरांनी आवर्जून मांडले आहे. दोन अन्यायांची नाती मात्र जुनी आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. तेव्हा "हे त्यांचे ते पाहतील" असे निदान आपण म्हणू नये.

आता अवघड गोष्टी कधी सांगायच्या? रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत गेली, तेव्हा तिच्या सोबत सरकारी मार्शल होते आणि बाहेर ओरडणारा जमाव. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीला शिकवले. रॉबर्ट कोल्स या बालमानसोपचारतज्ज्ञाने तेव्हा रूबीशी प्रत्यक्ष बोलून पुढे तिच्यावर चित्रपुस्तक लिहिले. नात तिच्याच वयाची आहे, त्यामुळे ती हे समजून घेईल. पण झोपायच्या वेळी नको. दिवसा वाचा, आणि ती विचारील तेवढेच सांगा. "ती लोकं का ओरडत होती?" असे तिने विचारले तर "त्यांना चुकीचं शिकवलं होतं, आणि काहींना ते बदलायचं नव्हतं" हे खरे उत्तर आहे.

प्रत्येक पुस्तकाचा तास करू नका. एखाद्या रात्री पीटर फक्त बर्फात खेळू दे. पण प्रश्न आला तर पान उलटायचे नाही. उत्तर येत नसेल तर "मला नाही माहीत, आईला विचारू" म्हणावे. सुरुवात 'द स्नोई डे'ने करा, 'सुल्वे' नंतर, रूबीचे पुस्तक सगळ्यांत शेवटी. सुनेला सांगून वाचनालयातून मागवा. तिकडच्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत ही पुस्तके असतात, विकत घ्यायची गरज नाही.